परिचारिकेचा थकवा आणि तिच्या रक्तातील साखर

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त महिला मंडळाने आयोजित केलेल्या सभेतील व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या सभेत आरोग्यावर दोन शब्द बोला, असे समितीने आम्हाला कळविले. रक्तदाब, मधुमेह, पथ्यपाणी असा नेहमीचा विषय समितीच्या मनात असावा. तो विषय आम्ही घेतला आहेच, पण जरा निराळ्या दारातून. आम्ही दोघी परिचारिका. एक सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली, दुसरी अजून ड्युटी करते. आपल्या वस्तीत कोणत्याही गल्लीत जा, एका तरी घराच्या दोरीवर नर्सचा गणवेश वाळत असतो. मुलीने नोकरी करायची म्हणजे एक तर शाळामास्तरीण नाही तर नर्स, एवढीच दोन दारे उघडी होती, तेव्हापासून आपल्या आयाबहिणी या कामात आहेत. त्यांच्या पगारावर भाऊ शिकले, पत्र्याच्या जागी स्लॅब आला. आज त्याच घरांतून आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "अहो सिस्टर, तुम्ही स्वतः नर्स, मग तुम्हालाच कशी शुगर झाली?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात ठपका आहे. लोकांना पथ्य सांगणारी स्वतः मात्र पाळत नाही, असा तो ठपका. दुसरे तयार उत्तर म्हणजे "आमच्या घराण्यातच आहे." या दोन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे. परंतु दोन्हींतून एक गोष्ट सुटून जाते, ती म्हणजे तिचे काम. वीस-पंचवीस वर्षे जे काम ती करते, ज्या वेळी करते आणि ज्या मनःस्थितीत करते, त्याची नोंद तिचे शरीर ठेवत असते. ती नोंद कशी होते, एवढेच आज सांगायचे आहे.

इंग्रजीत ज्याला 'बर्नआउट' म्हणतात त्याला मराठीत अजून नेमका शब्द रुळलेला नाही. आम्ही आपसात 'करपणे' म्हणतो. भात करपतो तेव्हा वरून पांढराच दिसतो, तळ मात्र गेलेला असतो. हा बर्नआउट शब्द अभ्यासात आणला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली. मोफत दवाखान्यात मनापासून राबणारी माणसे हळूहळू कशी विझत जातात हे तो पाहत होता, आणि तो स्वतःही त्यांच्यातलाच एक होता. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या दोघींनी ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, परंतु त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणारी स्थिती, असे म्हटले. आम्हाला हे फार पटते. आजार म्हटला की गोळी त्या बाईला द्यायची आणि मोकळे व्हायचे. कामातून आलेली स्थिती म्हटली की कामाकडे बघावे लागते.

तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. पहिले, अंगातली शक्ती संपणे. साधा थकवा एका रात्रीच्या झोपेने जातो, हा सुट्टी घेऊनही जात नाही. दुसरे, कामापासून मन तुटणे. पूर्वी जी सिस्टर पेशंटला "आजी, काल झोप लागली का?" असे विचारायची, ती आता "बेड नंबर बारा" म्हणू लागते. नातेवाइकाने एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की अंगावर जाते. लोक म्हणतात, सरकारी नर्स फार उद्धट. काही असतीलही! पण बऱ्याच जणी उद्धट जन्मलेल्या नसतात. तिसरे लक्षण म्हणजे आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटत राहणे. ओव्हर देऊन, रजिस्टर लिहून ती बाहेर पडते आणि बस स्टॉपवर तिला आठवते, अमक्याचे इंजेक्शन दिले की राहिले? दिलेले असते. तरी ती फोन करते.

आता हे सारे मनाचे झाले. याचा साखरेशी काय संबंध?

आपण खाल्लेल्या अन्नाचे शरीर जे जे करते, म्हणजे जाळते, साठवते, वेळेवर बाहेर काढते, त्या सर्व कारभाराला चयापचय म्हणतात. हा कारभार ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर पाच मापे पाहतात. कमरेचा घेर आपल्याकडे बाईचा ८० सेंटिमीटर आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा. रक्तदाब १३०/८५ च्या खाली. उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १५० च्या खाली. आणि एचडीएल, ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात, ते बाईमध्ये ५० च्या आणि पुरुषामध्ये ४० च्या वर. पाचांपैकी तीन मापे बिघडली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम असे नाव आहे. मधुमेह आणि हृदयविकार ज्या रस्त्याने येतात, तो हा रस्ता.

इथे बारीक अंगाच्या भगिनी म्हणतील, आमचे तर वजनच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के! हातपाय काटक्या आणि चरबी पोटात, ही आपल्या देशाची ठेवण आहे. तेव्हा आरशावर विश्वास ठेवू नका, शिंप्याचा टेप घ्या.

आता रात्रपाळीकडे येऊ. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे आणि ते उजेडावर चालते. कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य पहाटे वाढते, आपल्याला उठवते, कामाला लावते आणि रात्री उतरते. स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन दिवसा तरतरीत काम करते, रात्री मंदावते. एकच जेवण सकाळी आठला आणि रात्री आठला देऊन पाहिले, तर रात्रीच्या जेवणानंतर साखर १७ टक्क्यांनी जास्त चढली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. मग पहाटे तीनला चार खारी आणि दोन चमचे साखरेचा चहा घेतला तर काय होत असेल? २००९ मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी दहा माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचे दिवसरात्रीचे चक्र उलटे फिरवले. थोड्याच दिवसांत त्यांची साखर वाढली, रक्तदाब वाढला, आणि पोट भरल्याची खबर मेंदूला देणारे लेप्टिन १७ टक्क्यांनी घटले. ज्या आठ जणांचे पुरे मोजमाप झाले त्यांपैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यापर्यंत गेली. ही निरोगी माणसे होती. कोणाच्या घराण्यात काय आहे याचा यात प्रश्नच आला नाही.

प्रयोगशाळेतली दहा माणसे ठीक, पण खऱ्या नर्सेसचे काय? यासाठी जगातील फार मोठा अभ्यास खुद्द नर्सेसवरच झालेला आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये १,२१,७०० परिचारिकांना घेऊन तो सुरू झाला, पुढे त्यात आणखी तुकड्या आल्या. नर्सेसच का निवडल्या? कारण त्या आजाराची माहिती अचूक लिहून देतात! त्यांतील सुमारे १,७७,००० जणींवर अठरा ते वीस वर्षे नजर ठेवून २०११ मध्ये निष्कर्ष काढला गेला. महिन्यातून किमान तीन रात्रपाळ्या आणि मध्ये दिवसपाळ्या, असे काम ज्यांनी तीन ते नऊ वर्षे केले त्यांच्यात मधुमेहाचा धोका २० टक्क्यांनी जास्त. दहा ते एकोणीस वर्षे करणाऱ्यांत ४० टक्क्यांनी. वीस वर्षांच्या पुढे ५८ टक्क्यांनी. आपल्याकडे महिन्याला तीन रात्री म्हणजे सिस्टरने पेढे वाटावेत.

या आकड्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही भीती घालतो असे होईल. याच अभ्यासात वाढलेल्या वजनाचा भाग बाजूला काढला, तेव्हा वीस वर्षांवरचा ५८ टक्के धोका २४ टक्क्यांवर आला. म्हणजे रात्रपाळी बरेचसे नुकसान वजनाच्या वाटेने करते. त्या परिचारिका बहुतेक गोऱ्या होत्या हेही खरे. आपल्या पोटातील चरबीची ठेवण पाहता आपल्यासाठी हे आकडे सौम्य निघतील, असे समजायला आम्हाला काही आधार दिसत नाही.

रात्रपाळी नसेल तर सुटलो काय? नाही. इस्रायलमध्ये नोकरी करणाऱ्या ६७७ स्त्री-पुरुषांच्या अभ्यासात, २००६ मध्ये, असे आढळले की जे करपलेले होते त्यांना पुढच्या तीन ते पाच वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे १.८४ पट होता. त्याच वर्षी लंडनच्या सरकारी नोकरांच्या अभ्यासातून दिसले की ज्यांना पुनःपुन्हा कामाचा ताण सोसावा लागला, त्यांच्यात मेटाबॉलिक सिंड्रोमचे प्रमाण ताण नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त होते.

यामागची यंत्रणा अशी. संकट आले की शरीर यकृतातील साखर रक्तात सोडते, पळायला किंवा लढायला. वॉर्डात एखादा पेशंट अचानक खालावला, ट्रॉली ओढली, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली, तेव्हा ही साखर उपयोगी पडते. पण एक संकट संपून शरीर खाली येण्याआधी दुसरे उभे राहते. त्यात साठ पेशंटचा वॉर्ड, दोन सिस्टर, एक सुट्टीवर. ताणाची द्रव्ये सारखी सारखी वाहत राहिली की इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होते आणि चरबी पोटाकडे जाऊन बसते. करपलेल्या माणसाचे कॉर्टिसॉल मोजले तर सगळीकडे सारखे येत नाही, काहींत जास्त तर काहींत उलट कमी. म्हणून एकाच द्रव्यावर सारे खापर फोडण्यात अर्थ नाही. झोप जाते, चालणे जाते, जेवणाची वेळ जाते, आणि गोड-तळलेले खाल्ल्याने क्षणभर बरे वाटते म्हणून ते खाल्ले जाते. प्रसूतीच्या वॉर्डात काम केलेल्यांना विचारा. दर बाळामागे पेढे. नको म्हटले तर नातेवाईक रागावतात, घेतले तर रात्रभर समोर डबा. नुसते पेढे मोजून त्या बाईला खादाड म्हणणे अन्यायाचे आहे.

आमची एक मैत्रीण होती, तिचे नाव सांगत नाही. मेडिकल वॉर्डला होती. चाळिशीच्या आत शुगर निघाली. दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती, पण बाळंतपण झाले, विषय संपला, असे घरच्यांनी आणि तिनेही धरले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिने वॉर्डात कोणाला सांगितले नाही. का? तर "मला नाइट नको" म्हटले की ती नाइट दुसऱ्या मैत्रिणीच्या बोकांडी बसणार, आणि मग चहाच्या खोलीत कुजबुज सुरू. सासरीही सांगितले नाही. एका रात्री गोळी घेतली आणि डबा उघडणार तोच ॲडमिशन आली. एकामागून एक तीन आल्या. पहाटे चारच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, समोरचे केसपेपर दिसेनात. रक्तातील साखर वाढली की पेशंट धोक्यात, एवढेच लोकांना ठाऊक असते. गोळी घेऊन न जेवलेल्या माणसाची साखर एकदम खाली जाते आणि ते त्याहून घातक असू शकते. एका पेशंटच्या म्हाताऱ्या आईने ते ओळखले, कारण तिच्या घरात मधुमेह होता. तिने साखर घालून पाणी पाजले. सिस्टर शुद्धीवर होती म्हणून पाजता आले. सकाळी आमच्या मैत्रिणीने नेहमीप्रमाणे ओव्हर दिली आणि घरी जाऊन मुलांचे डबे भरले.

मुलांचे डबे भरले, हे वाक्य आम्ही मुद्दाम बोललो. कारण इथून पुढचे बोलणे रुग्णालयाशी नाही, आपल्याशी आहे.

रात्रपाळी करून आलेली बाई सकाळी नऊला घरी पोहोचते. पुरुष रात्रपाळी करून आला की घर शांत होते, "बाबा झोपलेत" म्हणून पोरांना बाहेर काढतात. बाई आली की कुकर लागतो. पाणी गेले का, गॅस संपला का, शाळेची सही कोणी करायची, हे सारे तिच्यासाठी थांबलेले असते. अकराला ती आडवी होते. मग दाराची कडी, भंगारवाला, मोबाइल, शेजारणीचे "झोपलीस का गं?" (राग मानू नये, पण जयंतीच्या दिवसांत आपला लाउडस्पीकरही त्यात असतो.) चार तास झोप मिळाली तर नशीब. १९९९ मध्ये शिकागोला अकरा तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची साखर पचवण्याची क्षमता इतकी खालावली की ते जणू कितीतरी वर्षांनी म्हातारे झाले. तरुण, धडधाकट मुले, आणि सहाच रात्री. आपल्या सुना-मुली हे वर्षानुवर्षे करत आहेत. म्हणून आमची विनंती अशी की ज्या घरात नर्स आहे त्या घराने दिवसाची सहा-सात तासांची झोप ही औषधाच्या गोळीइतकी पक्की धरावी. खिडकीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, एक खोलीचे घर असेल तर मुले शेजारी. सासूबाईंनी आणि विशेषतः नवऱ्यांनी सकाळचा स्वयंपाक उचलावा. इथे बंधुवर्ग बराच बसला आहे, मान खाली घालण्याचे कारण नाही, आमटी-भात कठीण नसतो.

कोणी करपली आणि कुरकुर केली की आपल्यात एक वाक्य हमखास ऐकवले जाते. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे." जयंतीला आपली मुले सलग अठरा तास अभ्यास करतात, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण बाबासाहेबांचे हे अर्धेच चरित्र झाले. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनेने ते हैराण होत. डॉ. सविता आंबेडकरांनी आपल्या 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या आत्मचरित्रात त्यांच्या आजारपणाविषयी लिहिले आहे. ते गेले तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. जागरणांमुळेच त्यांना मधुमेह झाला, असे आम्ही म्हणणार नाही, तसे म्हणायला आधार नाही. पण त्यांचे कष्ट दाखवून दुसऱ्याची झोप काढून घेणे त्यांना मान्य झाले असते, असे आम्हास वाटत नाही. कारण हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे मंत्री होते आणि कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ मध्ये त्यांनीच मांडले. माणसाच्या शरीराला मर्यादा असते हे कायद्यात लिहायला लागते, हे त्यांना ठाऊक होते.

वॉर्डात मात्र ती मर्यादा कागदावरच राहिली आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. सरकारी वॉर्डात ज्यांनी एक रात्र काढली आहे, मग ती पेशंटच्या उशाशी बसून का असेना, त्यांना यावर आम्ही काय सांगावे! अमेरिकेत लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये १६८ रुग्णालयांचा हिशेब मांडला. दर नर्समागे एक पेशंट वाढला की तिच्या करपण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या मृत्यूची ७ टक्क्यांनी. हा दुसरा आकडा नर्स नसलेल्यांनी लक्षात ठेवावा. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदाच केला आणि २००५ पासून साधारण वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स बंधनकारक झाली.

आपल्याकडे कंत्राटी मुलींची स्थिती आणखी वाईट. छोट्या खाजगी रुग्णालयात बारा-बारा तास उभ्या राहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातसुद्धा नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. आपल्या वस्तीतील किती मुलींना ते मिळतात, याची विचारपूस ज्याने त्याने आपल्या घरात करावी. पगार पुरत नाही म्हणून त्या एका ठिकाणी दिवस आणि दुसऱ्या ठिकाणी रात्र करतात. त्यांना आम्ही पथ्याचे काय बोलणार? २०२२ मध्ये बाहेरच्या एजन्सीमार्फत भरती करण्याच्या विरोधात राज्यातील सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातच काही जण म्हणाले, पेशंटचे हाल करतात. तो संप पगारापुरता नव्हता. उद्याच्या वॉर्डात किती कायम हात असणार, याचा तो झगडा होता. परिचारिका दिनाला, १२ मे रोजी, गुलाबाचे फूल देणाऱ्यांनी त्यांच्या मागणीच्या कागदावर सही केली तर जास्त बरे.

तरी आजच्या आज करण्यासारख्या काही गोष्टी आहेत, त्या सांगतो.

जेवणाची वेळ. २०२१ मध्ये एकोणीस निरोगी माणसांना कृत्रिम रात्रपाळी करायला लावली. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, जे रात्री जागे राहिले पण जेवले दिवसाच, त्यांची वाढली नाही. तेव्हा रात्रपाळीला जाण्याआधी घरी पोटभर भाकरी-भाजी-आमटी खाऊन निघावे. रात्री अगदीच भूक लागली तर मूठभर फुटाणे, ताक, एखादे अंडे. चहा हवाच, त्याशिवाय नर्स चालत नाही, पण साखर अर्धी करा आणि पहाटे तीननंतर चहा टाळा, नाही तर सकाळची झोप गेली. मात्र जिला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे तिने रात्री उपाशी राहण्याचा प्रयोग करू नये. गोळीची वेळ आणि पाळीची वेळ जुळवून घ्यायला डॉक्टरांकडे जा, आणि वॉर्डातल्या निदान एका मैत्रिणीला आपला आजार सांगून ठेवा. खिशात साखरेची पुडी असू द्या. लपवून काय होते ते आत्ताच सांगितले.

तपासणीबाबत एक बारकावा. नाइट करून येताना सकाळी लॅबमध्ये शिरायचे आणि "मी उपाशी आहे" म्हणायचे, असे बऱ्याच जणी करतात. पहाटेचा चहा-बिस्किट उपासात मोडत नाही. आठ तास पोटात काही नको, शिवाय रात्र जागलेली नको. नाइट ऑफच्या दुसऱ्या दिवशी तपासा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी कोणत्याही वेळी चालते, ५.७ पासून उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. पण लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर हा आकडा उगीच वाढलेला दिसू शकतो. आणि आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्ताची कमतरता आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीने सांगितले. म्हणून हिमोग्लोबिन बरोबरीनेच करा. थायरॉइडही करा. कारण रक्त कमी, थायरॉइड मंद किंवा मन उदास असले तरी माणूस असाच थकतो. सगळ्याच थकव्याला बर्नआउटचे नाव देऊन खरा आजार राहून जायला नको.

साखर उंबरठ्यावर निघाली तर घाबरू नका. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या आपल्या देशातील ५३१ जणांना घेऊन अभ्यास केला. ज्यांनी फक्त चालणे आणि खाणे सुधारले, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. वॉर्डातली धावपळ हा व्यायाम होत नाही का, असे विचारतात. काही अंशी होतो, पण ती थांबत-थांबत, ओझे ओढत, वैतागत केलेली धावपळ असते. अर्धा तास सलग, हात मोकळे सोडून, कोणी "सिस्टर" म्हणून हाक न मारता चालणे वेगळे. संध्याकाळी विहाराच्या मैदानात चार फेऱ्या मारता येतील. एकटीला लाज वाटते, चौघी असल्या की वाटत नाही. महिला मंडळाने हे मनावर घ्यावे.

आणि जी खरोखर करपली आहे, जिला आठ-आठ दिवस रडू येते, झोप येत नाही, जगणे नकोसे वाटते, तिला फेऱ्या मारायला सांगू नका. तिला रजा हवी, डॉक्टर हवा. सरकारची १४४१६ ही 'टेलिमानस' दूरध्वनी सेवा आहे, तिथे रात्रीही बोलता येते.

आमचे बोलणे लांबले. भोजनदानाला वेळ होत आहे हे अध्यक्षांनी खुणेने दोनदा सांगितले. सभा संपल्यावर मागच्या खोलीत आम्ही टेप, वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसणार आहोत. साखर आज तपासणार नाही, कारण खीर खाऊन तुम्ही याल! पुरुषांनीही यावे, ९० सेंटिमीटर लक्षात आहे ना? रांग लागेल तेव्हा एकच विनंती. काल रात्री नाइट करून ज्या भगिनी तशाच सभेला आल्या आहेत, मागे भिंतीला टेकून बसल्या आहेत, त्यांना पुढे सोडा. त्यांना आज रात्री पुन्हा जायचे आहे, आणि त्याआधी झोपायचे आहे.

जयभीम.